तीस्तेला एवढं पाणी आलं कुठून?

मागच्या दोन भागांत आपण सीमेवरचे रस्ते आणि पूल यांबद्दल बोललो. आज ते रस्ते आणि पूल वाहून नेणाऱ्या पाण्याबद्दल बोलायचं आहे. विषय हवामान बदलाचा आहे, पण मी शास्त्रज्ञ नाही. मी सॅपर आहे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये घडलेला. आयुष्यभर पूल बांधले, सुरुंग काढले, रस्ते मोकळे केले. त्यामुळे हा विषय मला जसा कळला, म्हणजे खांद्यावर फावडं असलेल्या माणसाला जसा कळतो, तसाच सांगणार आहे.

४ ऑक्टोबर २०२३. सकाळी साडेसातला देहरादूनच्या घरी माझा फोन वाजला. माझ्या कंपनीतले जुने सुभेदार. निवृत्त होऊन आता सातारा जिल्ह्यात शेती करतात. "साहेब, टीव्ही लावलाय का? पोरगा सिक्कीमलाच हाय." त्यांचा मुलगा फौजेत ड्रायव्हर. टीव्हीवर पट्टी फिरत होती : तीस्तेला पूर, बारदांगजवळ उभ्या असलेल्या लष्करी गाड्या चिखलाखाली, २३ जवान बेपत्ता. युनिटचं नाव बातमीत नव्हतं. मी दोन-तीन ठिकाणी फोन फिरवले, एकही लागला नाही. "सुभेदार साहेब, कळलं की लगेच सांगतो," एवढंच मी म्हणू शकलो. एके काळी त्या माणसाने माझ्या शब्दावर बर्फात उभं राहून पूल जोडला होता, आणि आज माझ्याकडे त्यांना द्यायला एक वाक्यही धड नव्हतं.

मुलाचा आवाज तिसऱ्या दिवशी ऐकू आला. तो वर लाचुंगच्या बाजूला अडकला होता. रस्ता, वीज, फोन सगळंच तुटलेलं. त्या २३ जणांपैकी एक जवान जिवंत सापडला. बाकीच्यांच्या घरी काय झालं असेल ते फौजी घरांना सांगायला नको. एकूण पन्नासहून जास्त मृतदेह मिळाले, सत्तरच्या वर माणसं कधीच सापडली नाहीत.

मुलगा सुखरूप आहे हे कळल्यावर सुभेदार साहेबांनी मला एक प्रश्न विचारला. "साहेब, समदे ढगफुटी ढगफुटी म्हणत्यात. पर ढग फुटून एका रातीत एवढं पाणी येतंय होय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्या दिवसांत सिक्कीममध्ये पाऊस होता, पण हे पाणी त्या पावसाचं नव्हतं.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तर सिक्कीममध्ये चीनच्या सीमेच्या अलीकडे, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० मीटरवर साउथ ल्होनाक नावाची हिमनदी आहे. तिच्या तोंडाशी एक तलाव आहे. १९७० च्या दशकातल्या उपग्रह चित्रांत तो वीस हेक्टरच्याही आत दिसतो. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस इस्रोच्या मोजणीत तो १६७ हेक्टर होता. ४ ऑक्टोबरला सकाळी तोच तलाव मोजला तर ६० हेक्टर. म्हणजे शंभराहून अधिक हेक्टरांचं पाणी एका रात्रीत खाली गेलं.

असा तलाव तयार कसा होतो? हिमनदी म्हणजे गोठलेला बुलडोझर समजा. ती हजारो वर्षं सरकत राहते आणि डोंगर खरवडून दगडमाती पुढे आणि बाजूला लोटते. या ढिगाऱ्याला मोरेन म्हणतात. हिमनदी वितळून मागे सरकली की ढिगारा जागेवरच राहतो, मागे खड्डा उरतो आणि त्यात पाणी साठतं. झालं धरण तयार. फक्त या धरणाला पाया नाही, गाभा नाही, सांडवा नाही आणि इंजिनिअरही नाही. रेती, गोटे, चिखल आणि त्यात अडकलेला बर्फ, एवढंच. शिवाय पाणी गडद, ते ऊन शोषतं. बर्फ पांढरा, तो ऊन परतवतो. त्यामुळे तलाव एकदा झाला की तो हिमनदीचं तोंड स्वतःच कुरतडत मोठा होत जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या रात्री तलावाच्या समोरचा बांध आपोआप फुटला नाही. फुटला तो बाजूचा उतार. तलावाच्या उत्तरेकडची मोरेनची भिंत रात्री दहाच्या सुमारास पाण्यात कोसळली. नंतरच्या शास्त्रीय अभ्यासानुसार सुमारे १.४७ कोटी घनमीटर माल. बादलीत वीट टाकली तर पाणी उसळतं, तसं तलावात वीस मीटर उंचीची लाट उठली आणि समोरच्या बांधावरून गेली. जाताना तिने बांध कापला, आणि मग सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी खाली निघालं. पुणेकरांसाठी सांगायचं तर खडकवासला धरणाच्या उपयुक्त साठ्यापेक्षा थोडंच कमी. पण खडकवासल्याहून पुण्याला उतार किती? इथे पासष्ट किलोमीटरच्या आसपास अंतरात पाणी तीन हजार मीटरहून जास्त खाली उतरतं.

ती भिंत त्या रात्रीच का पडली? अशा उंचीवरची दगडमाती एकमेकांना धरून असते ती आतल्या बर्फामुळे. कायम गोठलेली जमीन म्हणजे निसर्गाचं सिमेंट. ती तापू लागली की सिमेंट सैल होतं. शास्त्रज्ञांनी नंतर जुनी उपग्रह चित्रं तपासली तेव्हा दिसलं की ती भिंत अनेक वर्षं, वर्षाला काही मीटर या गतीने, खाली सरकत होती. म्हणजे शत्रू हालचाल करत होता आणि आपली टेहळणी त्याच्यावरून जातही होती. चित्रं होती. ती पाहून कुणाला जागं करायचं, ही साखळी नव्हती.

आणि तापमान का वाढलं? हा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण शाळेतली मुलंही आता हे सांगतात. पृथ्वीवर कार्बन डायऑक्साइडची एक गोधडी आहे. ती नसती तर आपण गोठलो असतो. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ३१५. आज ४२० च्या पुढे. गोधडी जाड होत चालली आहे. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढलं. हिंदुकुश-हिमालयाचं १९५१ ते २०१४ या त्याहून कमी काळात सुमारे १.३ अंशाने. डोंगर मैदानापेक्षा लवकर तापतो आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण तुमच्यातले काही जण ती मला नेहमी सुनावतात. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने, म्हणजे आयपीसीसीने, लिहिलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता आहे. ते साफ चूक होतं, आणि २०१० मध्ये त्यांनी ती चूक मान्य केली. काराकोरममधल्या, म्हणजे सियाचीनच्या परिसरातल्या, बऱ्याच हिमनद्या गेल्या काही दशकांत फारशा घटलेल्या नाहीत, हेही खरं. पण एक गुप्तवार्ता अहवाल चुकला म्हणून शत्रू नाहीच, असं कोणी कमांडर म्हणतो का? पूर्व हिमालयातल्या हिमनद्या घटत आहेत. २०१९ च्या हिंदुकुश-हिमालय अहवालाप्रमाणे, जगाने तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या प्रदेशातल्या हिमनद्यांचा एक तृतीयांश भाग शतकाअखेर जाणार. सियाचीनचं सांगून साउथ ल्होनाकबद्दल निश्चिंत राहता येत नाही.

आता माझ्या कामाच्या गोष्टीकडे येतो. त्यासाठीच हा भाग करायला घेतला.

पूल बांधताना सॅपर सगळ्यात आधी एक आकडा विचारतो : एचएफएल. हायेस्ट फ्लड लेव्हल. आजवर आलेल्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी. कागद असले तर कागदावरून, नसले तर खडकावरचे डाग, झाडाच्या फांदीत अडकलेला कचरा आणि गावातल्या म्हाताऱ्यांची आठवण यांवरून ती काढायची. त्याच्यावर थोडं अंतर सोडायचं आणि पुलाचा तळ तिथे ठेवायचा. तळ टाकायचा असेल, दारूगोळा ठेवायचा असेल, गाड्या लावायच्या असतील, तर तेही त्या रेषेच्या वर. सगळं शहाणपण या एका आकड्यात.

नव्वदच्या दशकात मी कॅप्टन असताना उत्तर सिक्कीमला जाणाऱ्या आमच्या तुकडीसाठी सिंगतामच्या वरच्या अंगाला रात्रीच्या मुक्कामाची जागा शोधायची होती. तीस्तेच्या खोऱ्यात ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना माहीत असेल, तिथे सपाट जागा मिळणं म्हणजे लॉटरी. दोन्ही बाजूंना उभे कडे. जिथे सपाट दिसतं तो नदीनेच कधीतरी टाकलेला गाळाचा मंच. गाव तिथेच, बाजार तिथेच, शाळेचं मैदान तिथेच आणि फौजेचा तळही तिथेच. मी खडकावरचे डाग पाहिले, एका चहावाल्याला विचारलं, पट्टीने मोजलं. आमची जागा एचएफएलच्या सहा मीटर वर आली. मी समाधानाने कागदावर सही केली. तिथे आमच्या बत्तीस गाड्या उभ्या राहिल्या आणि माणसं गाड्यांत झोपली. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर होतं.

२०२३ च्या पुरानंतरच्या उपग्रह चित्रात मी ती जागा शोधून काढली. मंच नाही. नदी आणि वाळू.

म्हणून बारदांगला गाड्या तिथे का लावल्या, असं जेव्हा लोक टीव्हीसमोर बसून विचारतात, तेव्हा मी गप्प बसतो. मीही तिथेच लावल्या असत्या. नव्हे, लावल्या होत्याच. एचएफएल हा आकडा गृहीत धरतो की नदी उद्याही कालच्यासारखीच वागेल. हवामान बदलाने पहिला घाव घातला तो या गृहीतकावर. गावातल्या म्हाताऱ्याच्या आठवणीत हिमतलाव नाही, कारण त्याच्या लहानपणी तो तलाव डबक्याएवढा होता.

हा पूर नुसत्या पाण्याचा नव्हता, हेही समजून घ्या. पाच कोटी घनमीटर पाण्याने वाटेत काठ आणि उतार कापून सुमारे २७ कोटी घनमीटर दगडमाती उचलली. पाण्याच्या पाचपट. चुंगथांगला, जिथे लाचेन आणि लाचुंग या नद्या मिळून तीस्ता होते, तिथे साठ मीटर उंचीचं तीस्ता-३ धरण उभं होतं. १,२०० मेगावॅटचा प्रकल्प, २०१७ मध्ये सुरू झालेला. मध्यरात्र उलटल्यावर लोंढा पोचला आणि काही मिनिटांत धरण गेलं. दरवाजे उघडायला वेळ मिळाला नाही. पुढे दारूगोळ्याच्या पेट्याही वाहत गेल्या. खाली जलपाईगुडीत नदीकाठी सापडलेल्या एका तोफगोळ्याच्या स्फोटात माणसं दगावली. सिक्कीममधला पूर आणि मैदानातला स्फोट, असा संबंध कुठल्या युद्धसरावात कोणी कल्पिला असेल, मला वाटत नाही.

आणि तो सगळा गाळ आता नदीच्या तळाशी आहे. तळ वर आला की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. २०२४ च्या पावसाळ्यात तीस्ता बाजारात साध्या पावसानेही घरांत पाणी शिरलं, राष्ट्रीय महामार्ग १० पुन्हा पुन्हा बंद पडला. हा महामार्ग म्हणजे सिक्कीमची आणि तिथल्या आपल्या सैन्याची मुख्य रसदवाहिनी. पुरानंतर लष्कराच्या सॅपर्सनी आणि बॉर्डर रोड्सच्या लोकांनी बेली पूल टाकून उत्तर सिक्कीम पुन्हा जोडलं, त्याचा मला अभिमान आहे. पण सॅपर म्हणून मला पडलेला प्रश्न वेगळा आहे : त्या पुलांचा एचएफएल कोणत्या वर्षाचा धरला?

करायचं काय? हाताशी येणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करू.

तलावाची पातळी उतरवता येते. २०१६ मध्ये सोनम वांगचुक आणि सिक्कीमचं आपत्ती व्यवस्थापन खातं यांनी साउथ ल्होनाकवर पाईप टाकून सायफनने पाणी काढण्याचा प्रयत्न केला होता. धाडसाचं काम. पण भौतिकशास्त्र तिथे आपल्या बाजूने नसतं. सायफन हवेच्या दाबावर चालतो. समुद्रसपाटीला तो पाण्याला दहा मीटरच्या आसपास उचलू शकतो, ५,२०० मीटरवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा, म्हणून चढही निम्माच. त्याच वर्षी नेपाळच्या सैन्याने एव्हरेस्टजवळच्या इम्जा तलावावर दुसरा मार्ग घेतला. पाच हजार मीटरवर बांधातून दरवाजा असलेला कालवा खोदला आणि पातळी सुमारे साडेतीन मीटरने उतरवली. विरळ हवेत जवानांनी काही महिने फावडी चालवली. ही बातमी वाचली तेव्हा, खोटं कशाला बोलू, थोडी असूया वाटली. असं काम आमच्या पलटणींना सहज जमेल.

तरीही, साडेतीन मीटर उतरवून साउथ ल्होनाक वाचला असता का? बहुधा नाही. दीड कोटी घनमीटर भिंत पाण्यात पडली तर लाट उठणारच, नुकसान फक्त कमी झालं असतं. म्हणून दुसरी गोष्ट, इशारा. भिंत रात्री दहाच्या सुमारास पडली, लोंढा चुंगथांगला मध्यरात्रीनंतर पोचला, सिंगतामला त्याहून बराच उशिरा. दोन तास. फौजेत दोन तासांची सूचना म्हणजे चैन. दोन तासांत अख्खी बटालियन डोंगर चढून जाते. सप्टेंबर २०२३ मध्येच त्या तलावावर कॅमेरे आणि हवामान यंत्र बसवलं होतं, पण भोंगा वाजवणारी पूर्ण व्यवस्था व्हायची होती. काही आठवड्यांनी हुकलं.

इस्रोने हिमालयात दहा हेक्टरांहून मोठे २,४३१ तलाव मोजले आहेत. त्यांपैकी ६७६ तलाव १९८४ नंतर वाढले आणि त्यातले १३० भारतात आहेत. केंद्र सरकारने २०२४ मध्ये हिमतलावांचा धोका कमी करण्यासाठी चार राज्यांचा १५० कोटींचा कार्यक्रम मंजूर केला. चांगली सुरुवात आहे. पण तीस्ता-३ वर चौदा हजार कोटींच्या आसपास खर्च झाला होता. चौदा हजार कोटींच्या मालासमोर १५० कोटींचा पहारेकरी, तोही चार राज्यांत वाटून. कुठल्या क्वार्टरमास्टरला हा हिशोब पटेल?

त्याच जागी आता ११८ मीटर उंचीचं काँक्रीटचं धरण बांधण्याची शिफारस २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीने केली आहे. मी जलविद्युत विरोधक नाही. कोळसा कमी जाळायचा तर वीज कुठून तरी आणावीच लागेल. पण वरचे तलाव आणि उतार यांचं नवं मोजमाप दर काही वर्षांनी होणार नसेल, तर उंच भिंत म्हणजे फक्त मोठं लक्ष्य.

आणि मूळ रोगाचं, म्हणजे गोधडीचं? भारताचं दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचं चौदाच्या आसपास. आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. ल्होनाक वितळवण्यात लाचेनच्या याकपाळाचा वाटा शून्य. हे आपण जगाला ठणकावून सांगायला हवं आणि सांगतोही. २०२४ च्या बाकू परिषदेत श्रीमंत देशांच्या पुढाकाराने २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं ठरलं, भारताने ते अपुरं म्हणून तिथेच नाकारलं. योग्य केलं. मात्र काजळीचा हिशोब आपल्याकडेही मागावा लागेल. लाकूड, डिझेल, वीटभट्ट्या यांची काजळी बर्फावर बसते, बर्फ काळवंडतो आणि लवकर वितळतो. आमच्या बंकरमधल्या केरोसीनच्या बुखाऱ्याही त्यात आल्या. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा, आणि बंकरबाहेरचा बर्फही तसाच. काजळीचं एक बरं आहे : ती हवेत काही दिवसच राहते. आज थांबवली तर फरक याच पिढीला दिसतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही.

मागच्या महिन्यात सुभेदार साहेबांचा पुन्हा फोन आला. मुलगा दुसऱ्या टेन्युअरला परत त्याच भागात गेला आहे. बदलीसाठी अर्ज करावा का, असं सून विचारते म्हणाले. मी म्हटलं, "अर्ज नंतर बघू. आधी त्याला एवढंच विचारा, रात्री गाडी कुठे लावतोस आणि भोंगा वाजला तर किती मिनिटांत वर पोचतोस."

दोन दिवसांनी उत्तर आलं. गाड्या आता नदीपासून वर, डोंगराच्या खोबणीत लावतात. जागा अरुंद आहे, रिव्हर्स घेऊनच चढवाव्या लागतात, आणि शेवटची गाडी लागेपर्यंत पाऊण तास जातो. पोरं कुरकुर करतात.

पुढच्या भागात चमोलीबद्दल बोलू. ७ फेब्रुवारी २०२१ चा तो लोंढा हिमतलावाचा नव्हता, तरी दोनशेहून अधिक माणसं गेली. जय हिंद.